आधी झाकण उघडा, मग पाकीट: जुन्या घरगुती पीसीचं कमी खर्चातलं अपग्रेड

"पीसी फार स्लो झालाय, रॅम टाकून द्या," असं सांगत दुकानात गेलात की रॅम मिळते, पीसी मात्र तसाच रडत राहतो, कारण खरी अडवणूक हार्ड डिस्कची होती. कोणी सेलमध्ये डीडीआर४ रॅम मागवतो आणि घरी कळतं की मदरबोर्ड डीडीआर३चा, म्हणजे रॅमच्या जुन्या प्रकाराचा आहे. कोणी मुलाच्या हट्टापायी ग्राफिक्स कार्ड आणतो आणि ते चालवायला एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीत) दमच नसतो. तिन्ही ठिकाणी चूक एकच: खरेदी आधी झाली आणि तपासणी नंतर.

उदाहरणासाठी एक मशीन धरू. २०१४-१५ च्या सुमाराचा असेंबल केलेला पीसी: चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस. तुमचं मशीन याहून नवं असलं तरी क्रम हाच ठेवा.

भाव मुद्दाम देत नाही. २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव असे भडकले आणि त्यापाठोपाठ एसएसडीचेही (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) असे हलले, की आज लिहिलेला आकडा तुम्ही वाचाल तेव्हा खरा असेलच असं नाही.

टप्पा १: अडतंय कुठे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि दोन वेळा नोंद करा: एकदा पीसी सुरू झाल्यावर लगेच, आणि एकदा तुमचं रोजचं काम सुरू असताना. टॅली, क्रोमचे पंधरा टॅब, प्रिंटिंग, जे काही असेल ते सगळं उघडं ठेवा. रिकाम्या मशीनवर घेतलेली नोंद काही कामाची नाही.

डिस्क सतत ९५-१०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २०-३० वर असेल, तर रोग हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मात्र एक खोच लक्षात घ्या. रॅम संपली की विंडोज हार्ड डिस्कचाच आधार घेतं, त्यामुळे दोन्ही आकडे एकदम चढतात आणि तेव्हा दोन्ही बदलावं लागतं. साध्या कामातही प्रोसेसर १०० ला टेकून राहत असेल, तर आधी कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते यादीत बघा. अनेकदा मुदत संपलेला अँटिव्हायरस सापडतो, आणि तो काढायला पैसे पडत नाहीत.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. हार्ड डिस्कसमोर निळं "गुड" दिसलं तर ठीक. पिवळं "कॉशन" दिसलं तर अपग्रेडचा विचार बाजूला ठेवा आणि आजच्या आज डेटा दुसरीकडे उतरवून घ्या.

तपासा: प्रोसेसरचं तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघा. काम करताना ते ९० अंशांच्या वर जात असेल तर मशीन स्वतःहून वेग कमी करतंय. धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) हे त्याचं नेहमीचं कारण. आधी धूळ काढा आणि पेस्ट बदला, आणि मग टप्पा १ पुन्हा.

टप्पा २: मशीनची पूर्ण माहिती एका कागदावर

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पैसे इथेच बुडतात. अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

झाकण न उघडता मिळणारी माहिती अशी. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन शोधा आणि बेसबोर्ड प्रॉडक्टसमोरचं नाव जसंच्या तसं उतरवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी बोर्ड वेगळा असतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर ते नाव टाकून स्पेसिफिकेशन आणि चालणाऱ्या प्रोसेसरची यादी उघडून ठेवा. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये मेमरी टॅबवर रॅमचा प्रकार कळतो, एसपीडी टॅबवर कोणत्या स्लॉटमध्ये काय बसलंय ते दिसतं.

आता झाकण. शटडाऊन करा, पिन काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. मोबाइलवर चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, विशेषतः पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरींचे. त्या परत कुठे लावायच्या हे नंतर कुणालाच आठवत नाही.

कागदावर हे हवंच: रॅमचे स्लॉट किती आणि रिकामे किती, साटाची (डिस्क जोडण्याची) पोर्टं किती, एम.२ स्लॉट (एसएसडीची छोटी पट्टी थेट बोर्डावर बसवायची जागा) आहे का. ग्राफिक्स कार्डासाठी लांब स्लॉटसमोर किती सेंटिमीटर मोकळी जागा आहे. मॉनिटरला मागे व्हीजीए आहे, एचडीएमआय आहे की दोन्ही.

शेवटी एसएमपीएसचं लेबल, आणि ते वाचायचं कसं हे नीट समजून घ्या. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं, तिकडे बघू नका. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा. समजा तिथे १४ आहे. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ पूर्णपणे याच १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे तुमच्याकडे ४५० नाही, १६८ वॉट आहेत. खऱ्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ३४ ते ३७ अँपिअर दिसतात.

धोका: एसएमपीएसची पेटी उघडू नका. पिन काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. धूळ बाहेरूनच उडवा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

ब्रँडेड किंवा रिफर्बिश्ड मशीन असेल तर अजून एक गोष्ट बघा: एसएमपीएसमधून बोर्डाला जाणारा मुख्य कनेक्टर २४ पिनांचा आहे का. डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये तो कंपनीचा स्वतःचा असतो आणि बाजारातला साधा एसएमपीएस तिथे थेट लागत नाही.

टप्पा ३: कुठे थांबायचं ते आधीच ठरवा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीच्या इंटेलपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. आपलं चौथ्या पिढीचं मशीन यात बसत नाही, कितीही रॅम टाकली तरी नाही.

मग या मशीनवर पैसे घालायचे की नाही? काम ब्राउझर, व्हिडिओ, लिखाण आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर एसएसडी, रॅम आणि लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) हे त्रिकूट उत्तम चालतं. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तर मिंटच्या भरीस पडू नका. आडमार्गाने विंडोज ११ टाकता येतं, पण हिशेबाच्या मशीनवर मी तो उद्योग कोणालाच सांगणार नाही.

माझा साधा नियम असा आहे: कागदावरच्या पार्टांची बेरीज आठव्या पिढीच्या आय५च्या रिफर्बिश्ड मशीनच्या निम्म्याहून वर गेली, की अपग्रेड थांबवायचं आणि ते मशीन घ्यायचं. एसएसडी मात्र कुठल्याही परिस्थितीत वाया जात नाही, कारण ती पुढच्या मशीनमध्ये नेता येते. डीडीआर३ रॅम नेता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आधी एसएसडी घ्या, पंधरा दिवस वापरा आणि मगच रॅमचं ठरवा.

टप्पा ४: पार्ट निवडा, याच क्रमाने

४.१ एसएसडी

जुन्या मशीनसाठी अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. खरा फरक बारीकसारीक हजारो फायली शोधण्यात पडतो, आणि पीसी "हँग" होतो म्हणतात तो बहुतेक तिथेच.

एच८१वर साटाची दोन पोर्टं ६ जीबीपीएसची आणि दोन ३ जीबीपीएसची असतात. कोणतं कुठलं ते शेजारी छापलेलं असतं. एसएसडी वेगवान पोर्टलाच लावा. त्याहून जुन्या एच६१वर सगळीच पोर्टं ३ची आहेत, तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक डोळ्यांना दिसतो.

बोर्डावर एम.२ स्लॉट दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) मागवू नका. तो स्लॉट साटा एम.२चा आहे, एनव्हीएमईचा आहे की दोन्ही चालतात, हे मॅन्युअलमध्येच कळतं. दोन खाचांची पट्टी बहुधा साटाची असते, पण दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्यात, म्हणून खाचेवर नव्हे, खोक्यावरच्या मजकुरावर विश्वास ठेवा. कार्ड लावून जुन्या बोर्डात एनव्हीएमई बसवता येते, पण त्या काळच्या बहुतेक बोर्डांचं बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून बूट होत नाही.

आकार २५६ जीबी पुरतो, फोटो-व्हिडिओ जुन्या हार्ड डिस्कवर ठेवायचे असतील तर. १२८ घेऊ नका, अपडेटनीच भरते. अनोळखी नावाची, "२ टीबी फक्त एवढ्याला" अशी एसएसडी दिसली तर पुढे चला. आत छोटी चिप आणि खोटा आकडा असा तो माल असतो.

४.२ रॅम

प्रकार आधी, वेग नंतर. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकमेकांत बसत नाहीत आणि दाबून बसवायच्याही नाहीत. सहाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३चे आहेत, तिथे १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, जुनी १.५ व्होल्टची नाही.

एच८१वर दोनच स्लॉट आणि मर्यादा १६ जीबी. आहे त्या ४ च्या शेजारी अजून ४ टाकली की काम भागतं. ४ ची पट्टी विकून ८ च्या दोन घ्यायच्या का, हे टप्पा १ मधल्या आकड्यावरून ठरवा, दुकानदाराच्या आग्रहावरून नाही. दोन सारख्या पट्ट्या असल्या की रॅम ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून, चालते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर, खास करून रायझन ५६००जीसारख्या प्रोसेसरवर, त्याचा मोठा फायदा होतो.

सावध: डीडीआर३ची ८ जीबीची संशयास्पद स्वस्त पट्टी दिसली तर तिच्या वर्णनात "फक्त एएमडी" असं कुठे लिहिलंय का ते बघा. ती इंटेल बोर्डावर सुरूच होत नाही. आणि लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपला चालत नाही, हे माहीत असूनही लोक घाईत ऑर्डर करतात.

४.३ एसएमपीएस

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसेल आणि मशीन नीट चालत असेल तर हा खर्च टाळता येतो. कार्ड घ्यायचं असेल तर एसएमपीएस आधी, कार्ड नंतर. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचा (कमी वीज वाया घालवण्याचा) शिक्का असलेला ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा होतो आणि पुढच्या मशीनमध्येही वापरता येतो.

यूपीएस विसरू नका. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, मॉनिटरही त्यातच. कार्ड लावल्यावर लाईट गेली की यूपीएस जेमतेम सेव्ह करण्यापुरता टिकेल, किंवा ओरडून बंद पडेल.

४.४ ग्राफिक्स कार्ड

ऑफिसच्या कामासाठी आणि यूट्यूबसाठी लागत नाही. खेळासाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी हवं असेल तर कमी विजेत चालणाऱ्या कार्डांपुरतंच बघा. जीटीएक्स १६५० (७५ वॉट) आणि आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी आवृत्ती (७० वॉट) यांची काही मॉडेल वेगळ्या वायरीशिवाय, स्लॉटमधल्या विजेवरच चालतात. आता मघाचा हिशेब पुन्हा करा: आय३ चे ५४, कार्डाचे ७५, बोर्ड-पंखे-डिस्कचे तीस-चाळीस. झाले १६० ते १७०. लेबलवर १६८ होते. म्हणजे काठावर, आणि उन्हाळ्यात दुपारी खेळताना मशीन धाडकन बंद होणार ते याचमुळे.

आरएक्स ६४०० स्वस्त पडतं म्हणून मोहात पडू नका. हे कार्ड स्लॉटच्या फक्त चार लेनवर (डेटा वाहण्याच्या मार्गांवर) चालतं. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटवर (ही पिढी स्लॉटची, प्रोसेसरची नव्हे) ते खपून जातं. एच८१चा स्लॉट दुसऱ्या पिढीचा आहे, तिथे त्याची घुसमट होते. जीटी १०३०चे दोन प्रकार आहेत, जीडीडीआर५ आणि डीडीआर४. दुसरा पुष्कळच मंद आहे आणि नाव सारखंच. जीटी ७१० आणि ७३० खेळासाठी विकत घेण्यात काहीच अर्थ नाही.

मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डासोबत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल. नुसत्या पिना जोडणारी स्वस्त वायर चित्र देत नाही.

४.५ प्रोसेसर आणि बोर्ड

बोर्ड बदलला की रॅम बदलते, रॅमसोबत बहुधा प्रोसेसर, आणि मग ते अपग्रेड राहत नाही. त्याच बोर्डात बसणारा सेकंडहँड आय५ मिळाला तर ठीक. आधी बोर्डाच्या यादीत तो आहे का आणि बायोसची कुठली आवृत्ती लागते ते बघा, अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. सहाव्या-सातव्या पिढीच्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचा आकडा ११५१ असा एकच आहे, तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात चालत नाही. ही चूक फार जण करतात.

नवा संच घेताना इंटेलच्या नावाशेवटी "एफ" असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६००मध्येही नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील.

टप्पा ५: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या कॉम्प्युटर बाजारात एकाच पार्टाचा भाव दोन-तीन दुकानांत विचारा, आणि विचारताना "जीएसटी धरून, पक्क्या बिलासह किती?" असं विचारा. कच्च्या बिलाचा भाव कमी वाटतो कारण त्यात १८ टक्के नसतात. वॉरंटीच्या वेळी मात्र तो कागद कोणी मानत नाही.

बिलावर पार्टाचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावर एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असला पाहिजे. नसेल तर तो माल मागच्या दाराने आलेला आहे आणि भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही. ऑनलाइन घेतलंत तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, लेबलापासून पार्टापर्यंत.

रॅम, एसएसडी, एसएमपीएस हे सेकंडहँड घेऊ नका. (रॅमवर फार तर तडजोड करेन, ती माझ्यासमोर चाचणी लावून दिली तर.) प्रोसेसर आणि कॅबिनेट सेकंडहँड चालतात.

टप्पा ६: बसवण्याचा क्रम

१. डेटाची प्रत घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळे घेतात. टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरचे बुकमार्क आणि जुने मराठी फॉन्ट मागे राहतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात केलेल्या पत्रिका आणि लेटरहेड त्या फॉन्टशिवाय गिचमिड दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तेही उचला.

२. विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे का ते बघा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते उघडण्याचा आकडा, कागदावर लिहून ठेवा. बोर्ड बदलणार असाल तर हे टाळताच येत नाही.

३. एका वेळी एकच पार्ट बदला. रॅम टाका, सुरू करा, दिसतेय का बघा, बंद करा. मग एसएसडी. सगळ्या गोष्टी एकदम टाकल्या आणि स्क्रीन आली नाही, तर दोष कुणाचा ते शोधत बसाल.

४. रॅमच्या पट्टीची खाच जुळवा आणि दोन्ही टोकं खटका वाजेपर्यंत दाबा. "नवी रॅम खराब निघाली" या तक्रारीमागे अर्धवट बसलेली पट्टी असते, फार वेळा.

५. नव्या एसएसडीवर विंडोज किंवा मिंट टाकताना जुन्या हार्ड डिस्कची साटा वायर काढून ठेवा. ती लागलेली असेल तर विंडोजचा बूट भाग कधीकधी तिच्यावर जाऊन बसतो, आणि पुढे हार्ड डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. बायोसमध्ये साटा मोडसमोर "एएचसीआय" हा पर्याय निवडलेला असल्याची खात्री याच वेळी करा.

६. जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवण्यापेक्षा (क्लोन करण्यापेक्षा) विंडोज किंवा मिंट नव्याने टाका. दहा वर्षांचा कचरा नव्या एसएसडीवर नेऊन काय मिळवणार?

टप्पा ७: बदलून मिळायची मुदत संपण्याआधी

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे चालू तास आणि एकूण लिहिलेला डेटा बघा. नव्या मालावर दोन्ही जवळजवळ शून्य असतात. तास शेकड्यांत असतील तर ती वापरलेली आहे, लगेच परत करा.

क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचनाचा वेग पाचशेच्या जवळ हवा. अडीचशे-पावणेतीनशेवर अडकला तर एसएसडी चुकीच्या पोर्टला लागली आहे, एसएसडीत दोष नाही.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर पट्ट्या एकेक करून तपासा आणि दोषी पट्टी बदलून घ्या. "एवढी एखादी चूक येतेच" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर ज्या खेळासाठी ते घेतलं तो तासभर खेळून बघा, यूपीएसवरच्या भारासकट.

जुनी हार्ड डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवा. काही राहिलं असेल तर एवढ्यात आठवतं. मग "गुड" असेल तर डेटासाठी परत लावा. विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर फॉरमॅट मारताना क्विक फॉरमॅटची खूण काढा. ती राहिली तर फायली जागच्या जागीच असतात आणि मोफत प्रोग्रॅमनेही परत काढता येतात.